चिक चॉकलेटची फुंक

1951 सालच्या ‘अलबेला’त भगवानदादा आणि गीता बाली नाचत असतात आणि त्यांच्यामागे, झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला एक बँड वाजवत उभा असतो. भगवानदादांचे खांदे आणि गीता बालीचे डोळे यांतून नजर निघत नाही, म्हणून ट्रंपेट हातात धरलेला तो सावळा माणूस कोण, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो पडद्यापुरता उभा केलेला एक्स्ट्रा नव्हता. मुंबईच्या हॉटेलांत नावाजलेला बँड त्याचाच होता आणि या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा तो सहायक होता. जन्माचं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातलं हळदोणे, जन्मसाल 1916. लोक ओळखायचे ते मात्र चिक चॉकलेट या नावाने.

भगवान आभाजी पालव म्हणजे भगवानदादा, रामचंद्र नरहर चितळकर म्हणजे सी. रामचंद्र, आणि अंतोनियो झेवियर वाझ. हे तिघे नसते तर ‘अलबेला’ झाला नसता. पहिल्या दोघांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं. चितळकरांनी तर स्वतःच ‘माझ्या जीवनाची सरगम’ लिहून ठेवली. तिसऱ्याची कहाणी मात्र इंग्रजी वाचणाऱ्यांपुरती आणि गोव्यातल्या जुन्या वादकांच्या आठवणींपुरती राहिली. मला ती पुण्यात बसून सांगावीशी वाटते, कारण चिक यांच्या ट्रंपेटला ज्या कानांनी जागा करून दिली, ते कान पुण्यात तयार झाले होते.

चितळकर मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म 1918 चा. पुण्यात त्यांनी गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याची तालीम घेतली. विनायकबुवा पलुस्करांच्या शिष्यपरंपरेतले. तिथे शिस्त कडक, रागाची चौकट पक्की आणि स्वरलिपीचा आग्रह मोठा. अशा शाळेतून निघालेला मुलगा पुढे ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ करील, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. पण मला त्यात विरोध दिसत नाही. रागाची वाट अंगात मुरलेली असली की परक्या वळणाला घाबरावं लागत नाही. कुठून निघालो आणि कुठे परतायचं हे ठाऊक असतं. चितळकर ‘नागानंद’मध्ये नायक म्हणून पडद्यावर आले, तो चित्रपट पडला, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादक झाले आणि तिथेच त्यांची हॉटेलांत वाजवणाऱ्या गोवेकर वादकांशी ओळख झाली. अमेरिकन जॅझवादक बेनी गुडमनच्या रेकॉर्डी ऐकायचा नाद त्यांना याच काळात लागला.

पुण्याला गोवेकर माणूस नवा नव्हता. पेशव्यांच्या फौजेत गोव्याहून आलेले ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि 1792 साली आजच्या क्वार्टर गेटजवळ चर्च उभं राहिलं. पुणेकर त्याला सिटी चर्च म्हणतात. पेशवाई गेली, खडकीच्या लढाईनंतर छावणी वसली, आणि कॅम्पात गोवेकर शिंपी, बेकरीवाले, खानसामे यांच्या जोडीने वादकही आले. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर गणेशखिंडीच्या बंगल्यात मुक्कामाला यायचा आणि घोड्यांच्या शर्यती जुलै ते ऑक्टोबर पुण्यात व्हायच्या. त्या चार महिन्यांत कॅम्पातल्या क्लबांना आणि जिमखान्यांना नाचाचे बँड लागायचे. नदीअलीकडच्या पेठांत त्याच वेळी गणपतीचे मेळे, नाट्यसंगीत आणि गाण्याच्या बैठका चालू असायच्या. एकाच शहरात दोन संगीतं अर्ध्या कोसावर नांदत होती आणि एकमेकांच्या घरी जात नव्हती. ज्या गोष्टीने ती भिंत पाडली ती सिनेमा, आणि त्यातही सिनेमाचं गाणं. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा केशवराव भोळे यांनी पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन ही वाद्यं मराठी चित्रपटगीतात आणली. पेठेतल्या माणसाच्या कानावर कॅम्पातली वाद्यं पहिल्यांदा सन्मानाने पडली ती अशी.

आता हळदोण्याकडे. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा होत्या. तिथे मुलाला अक्षरांबरोबर सुरांची ओळख व्हायची, व्हायोलिन हातात दिलं जायचं आणि स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला शिकवलं जायचं. या शाळांचा हेतू प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत एवढाच होता. परिणाम मात्र वेगळा झाला. इंग्रजी मुलखात जिथे जिथे कागदावरून पाश्चात्त्य संगीत वाजवणारा माणूस हवा असे, तिथे गोवेकर पोचला: संस्थानिकांचे बँड, मूकपटांपुढची वाद्यवृंदं, आगबोटी, क्लब, हॉटेलं. उन्हाळ्यात मसुरी-नैनिताल, हिवाळ्यात कलकत्ता, काही जण रंगूनपर्यंत. मुंबईत धोबीतलाव आणि कॅव्हेल भागातल्या गावागावांच्या कुडांत, म्हणजे एकाच गावच्या माणसांच्या सामायिक वसतिगृहांत, ही मंडळी राहायची. एका खोलीत वीस ट्रंका आणि त्यांतल्या चार-पाचांवर वाद्यांच्या पेट्या. आईला वाटत होतं की अंतोनियोने मेकॅनिक व्हावं, चार पैसे हमखास मिळवावेत. पोराने ट्रंपेट धरला.

ट्रंपेट हे वाद्य दिसायला सोपं आहे. तीन कळी, एक मुखनळी. पण सूर कळींतून येत नाही, तो ओठांतून येतो. एकाच कळीवर ओठ किती आवळले आणि श्वास कसा सोडला यावर पाच-सहा वेगळे स्वर निघतात. ओठ थकले की सूर फाटतो, तोही उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. व्हायोलिनच्या घोळक्यात लपायची सोय इथे नाही. या वाद्याचा दरारा त्या काळात एका माणसाने निर्माण केला होता आणि तो म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. चिक यांचं दैवतही तेच. हातातला रुमाल, घोगऱ्या आवाजातलं गाणं, सूर वर नेऊन तिथे थरथरत ठेवायची सवय, हे सगळं चिक यांनी आत्मसात केलं आणि मुंबईने त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी देऊन टाकली.

ही नक्कल केवळ रेकॉर्डी ऐकून झाली, असं समजणं मात्र चुकीचं ठरेल. मुंबईत जॅझ माणसांमार्फत आलं. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्मिथ वयाने मोठे. 1913 साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांच्या ऑर्केस्ट्राने ज्या रेकॉर्डी केल्या त्यांत ते होते, म्हणजे जॅझ हे नाव रुळायच्या आधीपासूनचे. वेदरफोर्ड यांनी 1926 साली शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून ध्वनिमुद्रण केलं होतं. स्वतःच्या देशात वर्णभेदाने गांजलेली ही माणसं शांघाय, मुंबई, कलकत्ता अशी वाजवत फिरली. त्यांच्या बँडमध्ये जागा रिकाम्या व्हायच्या आणि त्या गोवेकर पोरांनी भरल्या जायच्या. कागदावर जे लिहिता येत नाही, ते त्यांनी शेजारच्या खुर्चीवरून उचललं: ताल किंचित मागे खेचून धरणं, सूर खालून घासत वर नेणं, गाणं संपता संपता एखादा वाकडा स्वर सोडून देणं. आपल्याकडे गुरूमागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य जसा शिकतो, त्याहून हे शिक्षण फार वेगळं नव्हतं. वेदरफोर्ड 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेले. त्यांच्याकडून आलेली विद्या तोवर गोव्याच्या पोरांत रुजली होती.

चाळीसच्या दशकाच्या मध्यावर चिक यांचा ‘म्युझिक मेकर्स’ हा बँड ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवत होता. आज ताजचा उंच टॉवर उभा आहे, तिथे हे हॉटेल होतं. युद्धाचे दिवस, बंदर सैनिकांनी भरलेलं, रात्री उशिरापर्यंत नाच चाललेला. हा बहर टिकणारा नव्हता. 1947 नंतर गोरे साहेब निघून गेले. त्यांच्या मागोमाग मुंबई राज्यात दारूबंदी आली. 1949 चा कायदा झाला आणि 1950 पासून ती पूर्ण अमलात आली. नाचघरांचा धंदा बसला. शेकडो वादकांपुढे प्रश्न उभा राहिला की आता करायचं काय. त्याच सुमारास हिंदी चित्रपटाचे वाद्यवृंद वाढत होते, आणि लिहिलेलं वाचून पहिल्याच झटक्यात बिनचूक वाजवणारी माणसं त्यांना हवी होती. रात्रीचे जॅझवाले अशा रीतीने दिवसाचे स्टुडिओवाले झाले. हॉटेल पूर्ण सुटलं नाही. सकाळी दहा ते संध्याकाळ ताडदेवच्या किंवा दादरच्या स्टुडिओत, रात्री टाय बांधून पुन्हा स्टेजवर, असं दुहेरी आयुष्य अनेकांनी वर्षानुवर्षं काढलं.

चितळकर आणि चिक यांच्या जोडीचा काळ हाच. हिंदी चित्रपटात ‘सहायक’ या शब्दाखाली काय काय दडलेलं असे, ते नीट समजून घ्यायला हवं. अण्णा, म्हणजे चितळकर, पेटीवर बसून चाल बांधत. पटवर्धनबुवांच्या तालमीतला माणूस. चाल सरगमीतच सुचायची. सहायक ती स्टाफ नोटेशनवर उतरवायचा. इथवर लेखनिकाचं काम. पण आपल्या संगीतात एका वेळी एकच सूर चालतो. वीस व्हायोलिनं, दोन सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रंपेट, डबल बेस, गिटार आणि ड्रम यांना एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाला वेगळं काहीतरी द्यावं लागतं. चालीखाली कॉर्ड कोणते ठेवायचे, गायिका श्वास घेते तेवढ्या फटीत कोणत्या वाद्याने उत्तर द्यायचं, सुरुवातीचा तुकडा किती लांब, अंतऱ्याआधीचा इंटरल्यूड कुठल्या वाद्याने उचलायचा, हे ठरवावं लागतं. रागाची चाल आणि कॉर्ड यांचं पटत नाही ही तर रोजची कटकट. कोमल गांधार आणि शुद्ध गांधार एकाच गाण्यात आले की पियानोवाल्याने काय धरायचं? अशा जागा सोडवण्यात सहायकाचं कसब दिसायचं. त्यानंतर रेकॉर्डिंगच्या दिवशी गायक आणि सगळा ताफा एकत्र वाजवणार. तुकडे जोडायची आजच्यासारखी सोय नाही. शेवटच्या ओळीत ट्रंपेटवाल्याचा सूर फाटला तर लताबाईंसकट सगळ्यांनी पहिल्यापासून.

या सगळ्यात चिक यांचा वाटा किती आणि अण्णांचा किती, याचा काटेकोर हिशेब मांडता येणार नाही, आणि तो मांडायचा हट्टही धरू नये. गाण्यांकडे कान दिला तर जे कळतं तेवढं पुरेसं आहे. ‘समाधी’तलं (1950) लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचं ‘गोरे गोरे’ घ्या. त्याचं मूळ लंडनच्या एडमंडो रॉस यांच्या लॅटिन गाण्यात आहे हे जगजाहीर आहे. पण त्या गाण्यातली ठुमक, दोन मुलींनी एकमेकींना चिडवावं तसा सवाल-जवाब, मधे येणारी वाद्यांची उत्तरं, यांमुळे ते आपलं होऊन बसलं. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगोचा ताल आहे, हवाईचं नेपथ्य आहे, आणि चितळकरांचा स्वतःचा आवाज आहे, थोडा ओलसर, थोडा खट्याळ. ‘अलबेला’तच ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागातली अंगाई आहे, जिला ट्रंपेटची गरज नाही म्हणून ट्रंपेट गप्प आहे. गप्प बसायचं कधी हे ज्याला कळतं तो खरा साथीदार. माझ्या मते ‘अलबेला’चं मोठेपण या दोन टोकांमध्ये आहे, आणि दोन्ही टोकं सांभाळणारी माणसं एकाच खोलीत बसत होती यात आहे.

गोवेकर सहायकांनी अण्णांच्या गाण्यांत केवळ सूर घातले नाहीत. ‘आशा’ (1957) मधल्या ‘ईना मीना डीका’चे बोल जुळवताना जॉन गोम्स या गोवेकर सहायकाने कोकणीतले शब्द त्यात मिसळले. किशोरकुमार ते गात सुटले आणि ते शब्द देशभर मुलांच्या तोंडी रुळले. बार्देश-साष्टीची बोली दिल्ली-लखनौपर्यंत पोचली, तीही गोवा स्वतंत्र व्हायच्या चार वर्षं आधी.

याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये ट्रंपेटचं एक मोठं पर्व चालू होतं. बीबॉपच्या वेगवान, डोक्याने ऐकायच्या संगीतानंतर काही कृष्णवर्णीय वादक पुन्हा आपल्या चर्चच्या गाण्याकडे आणि ब्लूजकडे वळले. त्या वळणाला हार्ड बॉप म्हणतात. ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मधून एकामागून एक ट्रंपेटवादक बाहेर पडले: क्लिफर्ड ब्राउन, केनी डोरहॅम, डोनाल्ड बर्ड, ली मॉर्गन. 1958 च्या ऑक्टोबरात ‘मोनिन’ हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मॉर्गन वीस वर्षांचा होता. गाणं साडेनऊ मिनिटांचं. त्यात पहिला सोलो त्याचा. तो बँडचा मालक नव्हता, साइडमन होता, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या बँडमध्ये रोजावर वाजवणारा. तरी ब्लू नोट कंपनीच्या कव्हरच्या मागे त्याचं नाव वाद्यासकट छापलेलं होतं. ज्याने रेकॉर्ड विकत घेतली त्याला कळलं की हा सूर कुणाचा. म्हणून पुढे 1963 साली त्याच मॉर्गनने स्वतःच्या नावावर ‘द साइडवाइंडर’ केलं तेव्हा लोक त्याला ओळखत होते.

चिक हार्ड बॉपचे वादक नव्हते. त्यांची घडण आर्मस्ट्राँग आणि स्विंगच्या पिढीतली. पण कारकीर्दीचा सांगाडा तोच: चर्चमध्ये सुरुवात, हॉटेलात नाव, दुसऱ्याच्या गाण्यात रोजची भाकरी. फरक पडला तो दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे वेळ. आपलं गाणं 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायला हवं, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यातून मुखडा, अंतरे, कोरस वजा करा. ट्रंपेटला उरतात आठ-दहा सेकंद. मॉर्गनला विचार करायला, चुकायला, सावरायला, पुन्हा चढायला मिनिटं मिळायची. चिक यांना दहा सेकंदांत आपलं सगळं सांगून खाली बसावं लागे, आणि तेही लिहिलेलं, ठरलेलं. या बंधनाचं मला दुःख आहे आणि त्याचं कौतुकही आहे. त्या दहा सेकंदांत एकही फालतू सूर नाही. आपल्या नाट्यसंगीतात एखादा गायक दोन ओळींच्या पदात अख्खा राग उभा करायचा, त्याच जातीचं हे काम.

दुसरा फरक नावाचा. आपल्या तबकडीवर चित्रपटाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. वादकाचं नाही. वादक शिफ्टवर यायचा, पैसे घ्यायचा, जायचा. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी त्याला त्यातलं काही मिळायचं नाही. निर्माते, कंपन्या, संगीतकार सगळ्यांनी ही रीत बिनतक्रार चालवली. ती अन्यायाची होती, आणि काळच तसा होता म्हणून तिचं समर्थन करता येणार नाही. त्याच काळात जगात दुसरीकडे वेगळं घडत होतं, हे ब्लू नोटच्या कव्हरांवर छापलेलं आहे.

तरीही हा ट्रंपेट पुण्यात पोचला, आणि कसा पोचला ते पाहण्यासारखं आहे. 1952 साली बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा खरी होती आणि आकाशवाणीसाठी त्यांनी मोठं कामही केलं. पण चित्रपटगीतं त्यांना सवंग वाटत, आणि पाश्चात्त्य धाटणीची तर अगदीच. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाली. बुधवारी रात्री सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांत, जिथे रेडिओ होता त्या बिऱ्हाडापुढे बाकीची बिऱ्हाडं जमायची. शॉर्टवेव्हची खरखर, मधेच आवाज जाणं-येणं, आणि त्यातून चिरत येणारा ट्रंपेट. पितळी वाद्याला हा एक फायदा होता. व्हायोलिनं खरखरीत विरून जायची, ट्रंपेट नाही. ज्यांनी कॅम्पातल्या नाचघराची पायरी कधी चढली नाही, ज्यांना जॅझ हा शब्दही माहीत नव्हता, त्या माणसांना त्यातले तुकडे पाठ झाले. गाणं गुणगुणताना ओळ संपली की मधला वाद्यांचा तुकडाही तोंडानेच वाजवायचा, ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. तो तुकडा कुणीतरी रचलेला असतो.

त्याच गाण्यांनी पुण्याच्या रस्त्यावरचाही ट्रंपेट बदलला. लष्करी बँडच्या धर्तीवर इथे ब्रास बँड उभे राहिले होते. प्रभात, दरबार, न्यू गंधर्व ही नावं अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली. हे वादक बहुतेक कानाने शिकलेले. ‘अलबेला’तलं ‘भोली सूरत’ वाजवायचं तर मुखडा क्लॅरिनेट घेणार, आणि मधल्या जागा ट्रंपेट जशाच्या तशा भरणार, कारण त्यांच्या दृष्टीने गाणं म्हणजे ते सगळं मिळून. चाल रचणारा एक आणि भरणा रचणारा दुसरा असा भेद त्यांनी कधी केला नाही. शिकागोहून मुंबईच्या ताजमध्ये, तिथून ग्रीन्समध्ये, स्टुडिओत, सिलोनच्या लहरींवर आणि अखेर बेलबाग चौकात, गणपतीपुढे. सुरांचा एवढा लांबचा प्रवास फार थोड्या वाद्यांच्या वाट्याला आला असेल.

चिक यांना स्वतःच्या नावावर संगीत द्यायची संधी मिळाली, तीही थोडी. ‘नादान’ 1951 चा, देव आनंद आणि मधुबाला यांचा. ‘रंगीली’ 1952 चा. ‘कर भला’ 1956 चा. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून चिक चॉकलेट हे नाव आलं. यातला ‘नादान’ आज आठवतो तो तलत महमूद यांच्या एका गाण्यासाठी, ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’. हे गाणं ऐकल्यावर माझं त्यांच्याविषयीचं मत पक्कं झालं. ज्याला लोक आर्मस्ट्राँगची प्रतिकृती म्हणत होते, त्या माणसाने आपल्या नावाच्या पहिल्याच चित्रपटात धडाकेबाज काही न करता तलतच्या कापऱ्या आवाजासाठी इतकी हळुवार, इतकी सावकाश चाल बांधली. त्यात पुढे यायची धडपड नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजाला जागा करून देत आलेल्या माणसाला गायकाचा आवाज आतून कळतो. सी. रामचंद्र यांना हा माणूस शेजारी का हवा होता, याचं उत्तर मला त्यांच्या गाण्यांपेक्षा या गाण्यात सापडलं. ही वाट पुढे गेली असती तर हिंदी चित्रपटसंगीताला आणखी एक चांगला संगीतकार मिळाला असता. पण तिन्ही चित्रपटांनी म्हणावी तशी साथ दिली नाही, निर्माते ठरलेल्या नावांकडेच गेले, आणि चिक पुन्हा आपल्या बँडकडे आणि सहायकाच्या खुर्चीकडे परतले.

1967 साली चिक गेले, पन्नाशी नुकती ओलांडलेली असताना. तोवर हवाही बदलली होती. शंकर-जयकिशन आणि त्यांच्यामागोमाग राहुलदेव बर्मन यांचा काळ आला होता, वाद्यवृंद शंभरापर्यंत गेले होते, आणि चितळकर एकेकाळच्या शिखरावरून खाली उतरले होते. अण्णांनी पुढे मराठीत ‘घरकुल’ (1970) सारखं सुंदर काम केलं आणि 1982 च्या जानेवारीत तेही गेले. मुंबईत 1978 साली ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, सनी रॉलिन्स आणि ट्रंपेटवादक क्लार्क टेरी प्रत्यक्ष येऊन वाजवून गेले. तेव्हा मंचासमोर बसलेल्या गोवेकर वादकांपैकी कित्येकांनी सकाळी कुठल्या ना कुठल्या हिंदी गाण्याचं रेकॉर्डिंग उरकलेलं असणार.

वादकाच्या नावाची गोष्ट मात्र हळूहळू बदलली, आणि त्या बदलातलं एक नाव पुण्याचं आहे. इनॉक डॅनियल्स, ॲकॉर्डियनवादक आणि संगीत संयोजक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणि मराठी भावगीतांच्या, चित्रपटगीतांच्या संयोजनात त्यांनी मोठं काम केलं. साठ-सत्तरच्या दशकांत एचएमव्हीने नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डी काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या कव्हरवर गायकाच्या जागी वादकाचा फोटो आला, वर ठळक अक्षरांत वादकाचं नाव आणि खाली त्याचं वाद्य. चिक यांच्या पिढीने ज्या गाण्यांत बिननावाने सूर भरले होते, तीच गाणी आता डॅनियल्स यांच्या नावाने दुकानांत विकली जाऊ लागली.